गोमाजी नाखव्यांनी विमाने डोळे भरून पाहिली

एका गावात एक भोळा कोळी होता. होता म्हणजे, मला तरी तसे आठवते. गावाचे नाव मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले, कारण दोन्ही वेळा वेगळेच नाव आले. गोष्टीतले अर्धे मी पाहिले आहे आणि अर्धे ऐकले आहे. कोणते अर्धे कोणते, हे मला विचारू नये. कोळ्याचे नाव मात्र धाकू. त्याबद्दल शंका नाही. निदान फारशी नाही.

धाकूला जे सांगाल ते तो करी. तेवढेच करी, आणि अगदी तेच करी.

एकदा त्याची बायको हौसा बाजाराला जाताना म्हणाली, "सुकत घातलेल्या बोंबलांना मांजर लागू देऊ नका." धाकू दिवसभर मांजराला मांडीवर घेऊन बसला. त्याच्यासमोर दोन कुत्र्यांनी आणि सात-आठ कावळ्यांनी बोंबील संपवले.

"कुत्र्याचं नाव तू घेतलं नव्हतंस," धाकू म्हणाला.

हौसा माहेरी निघून गेली.

धाकू तिला आणायला गेला. दारात सासरे उभे होते. हे गोमाजी नाखवा. आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस. दिलेला शब्द कधी मोडला नाही अशी त्यांची ख्याती.

"जावईबापू," गोमाजी म्हणाले, "रविवारी बंदरासमोर विमानांच्या कसरती आहेत. मला त्या होडीतून बघायच्या आहेत. विमानं मला डोळे भरून दिसली, तर हौसा त्याच दिवशी तुझ्या घरी. नाही दिसली, तर ती इथंच. कळलं?"

"कळलं, मामा."

"मग आधी जा आणि एक चांगली जागा धरून ठेव."

जागा कशी धरतात ते धाकूला ठाऊक होते. एसटीच्या खिडकीतून लोक रुमाल टाकतात, ते त्याने पाहिले होते. पण रुमाल पाण्यावर राहणार नाही, एवढी अक्कल त्याला होती. गुरुवारी तो होडी घेऊन गेला, छान मोकळी जागा पाहिली आणि नांगर दोरासकट पाण्यात टाकून सासऱ्यांकडे परत आला.

"धरली का जागा?"

"धरली, मामा. नांगर टाकून आलो."

"मग होडी इथं कशी?"

"होडी रविवारी न्यायची ना? आज नुसती जागा धरायची होती."

"आणि नांगराचा दोर?"

"तोही तिथंच आहे. नांगराबरोबर."

गोमाजी खाली बसले. "अरे बाबा, पाण्यात काहीही टाकायचं तर आधी ते होडीला बांधावं!"

"पुढच्या वेळी तसंच करीन, मामा."

शुक्रवारी गोमाजींनी दुसरा नांगर दिला आणि एक नारळ दिला. "आधी दर्याला नारळ दे. मग बाकीचं बघ."

धाकूने नारळाला सुतळी बांधली, सुतळीचे टोक होडीला बांधले आणि नारळ दर्याला दिला. परत येताना नारळ होडीमागून उड्या मारत आला. मासळी वाळत घालणाऱ्या बायका हातातले काम सोडून बघत राहिल्या.

"दर्याला दिलेला नारळ परत आणलास?" गोमाजींचा आवाज चिरकला.

"बांधला होता, मामा. हरवला नाही."

"अरे कर्मा! दर्याला जे द्यायचं ते हात जोडून सोडून द्यावं! मागं वळून बघू नये!"

"पुढच्या वेळी तसंच करीन, मामा."

शनिवारी धाकूने दुसरा नांगर होडीच्या काठावर ठेवला, मनोभावे हात जोडले आणि सोडून दिला. मागे वळून पाहिले नाही.

हे ऐकून गोमाजी हळूच म्हणाले, "निदान खूण तरी घेतलीस का?"

समुद्रात पाटी लावता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकाखाली एक कुठून दिसतात, ते कोळी ध्यानात ठेवतात. पुन्हा तशाच दिसल्या की जागा सापडली.

"घेतली तर! सोडायच्या आधीच घेतली," धाकू म्हणाला. "देवळाचा कळस, आणि बरोबर त्याच्या खाली एक काळा ठिपका."

"काळा खडक असेल. शाब्बास!" गोमाजींना जरा बरे वाटले. "दोन-दोन नांगर पाण्यात ठेवून मी विमानं बघणार नाही. उद्या आधी तो काढू."

रविवारी सकाळी दोघे निघाले. या वेळी तिसरा नांगर गोमाजींनी स्वतः आणला आणि स्वतः होडीला बांधला. वल्ही धाकूकडे होती.

"आला का ठिपका कळसाखाली?"

"येतोय, मामा. पण चालतोय."

"कोण चालतोय?"

"ठिपका. म्हैस आहे ती."

म्हैस किनाऱ्याने दहा पावले चालली, की तिला कळसाखाली आणायला होडी शंभर हात न्यावी लागे. गोमाजी थांब म्हणत होते. धाकू म्हणत होता, "आता आलीच, मामा." तासाभराने म्हैस एका डबक्यात बसली आणि दिसेनाशी झाली. तोवर साऱ्या चांगल्या जागा भरल्या होत्या. एका भल्यामोठ्या लाँचच्या मागे तेवढी जागा उरली होती. लाँचवर शंभरेक माणसे होती आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाने छत्री उघडली होती.

गोमाजींनी तिथे नांगर स्वतः टाकला. मग धाकूकडे वळून म्हणाले, "तुला एवढं कळू नये? जे गेलं तर आपलं सगळं बुडेल, त्याला आधी दोर लावावा. बाकीचं जाऊ दे."

"आणि हात जोडायचे?"

"नाही!"

"मागं बघायचं?"

"बघ बाबा, बघ! नजर काढू नकोस!"

"तसंच करीन, मामा."

विमाने आली. आवाजाने पाणी थरथरले. लाँचवरचे लोक ओरडले, "डावीकडे! डावीकडे!" गोमाजींनी मान डावीकडे वळवली. छत्र्याही डावीकडे वळल्या. लोक ओरडले, "उलटं झालं, उलटं!" गोमाजींना एका छत्रीचे ठिगळ दिसले. असे अर्धा तास चालले.

"मला एक शेपूटसुद्धा दिसलं नाही," गोमाजी शेवटी म्हणाले. "हौसा येत नाही. लिहून ठेव."

धाकूचा चेहरा उतरला. तो कागद शोधू लागला.

इतक्यात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, की विमानांच्या घिरट्या चालू असतानाच आता बुडणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टर कसे वाचवते ते दाखवण्यात येईल. धाकूच्या होडीजवळच नारिंगी जाकीट घातलेला एक तरुण जवान पाण्यात उतरून बुडण्याचे सोंग करू लागला. हेलिकॉप्टर वर येऊन थांबले. पंख्याच्या वाऱ्याने पाण्याचा असा फवारा उडाला, की वरच्यांना खालचे दिसेना. वरून एक दोर खाली आला. त्याला काखेत अडकवायचा पट्टा होता. दोर वाऱ्याने झोके खात खात नेमका धाकूच्या हाताशी आला.

धाकूने विचार केला. जे गेलं तर आपलं सगळं बुडेल, असं होडीत काय आहे? वल्ही? नाही. नांगर? तो तर गेलेलाच बरा. मामा! मामा गेले तर हौसा कुणाच्या शब्दाने परत येणार?

त्याने पट्टा गोमाजींच्या डोक्यावरून घातला आणि नीट काखेखालून ओढला.

"अरे, काय करतोस?"

"दोर लावतोय, मामा."

वरच्यांना दोराला वजन आल्याचे कळले. गोमाजी वर निघाले.

"धाकू! मेल्या! सोडव मला!"

"बघतोय, मामा! नजर काढत नाही!"

नारिंगी जाकीटवाला पोहत आला आणि होडीचा काठ धरून म्हणाला, "अहो, तो दोर माझ्यासाठी होता."

"तुम्ही कोण?"

"मी बुडणारा."

"मग बुडा की," धाकू वर पाहतच म्हणाला. "मी काय तुमचा जावई आहे?"

हेलिकॉप्टरने गोमाजींना सगळ्या बंदरावरून, छत्र्यांवरून, देवळावरून आणि डबक्यातल्या म्हशीवरून फिरवून किनाऱ्यावरच्या मांडवासमोर उतरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसा गर्दीतून धावत आली.

"बाबा! बाबा, काही लागलं का? दिसली का विमानं?"

गोमाजींनी डोळे मिटले. खोटे बोलणे त्यांना जमत नसे.

"दिसली," ते म्हणाले. "तीन वर होती. दोन माझ्या पायाखालून गेली."

"डोळे भरून?"

"एकातल्या माणसानं मला हात केला, पोरी. आता जा. गाठोडं बांध."

त्याच दिवशी हौसा धाकूच्या घरी आली.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली, की पुढे मला स्वतःलाच खरी वाटेनाशी होई. हेलिकॉप्टरच्या जागी मी भलतेच काही घातले असेल, असे वाटे. शेवटी पंचवीस वर्षांनी एका ग्रंथालयात त्या सोमवारचे वर्तमानपत्र काढून पाहिले. दुसऱ्या पानावर बातमी होती: बचावाचे प्रात्यक्षिक पूर्ण यशस्वी झाले. बुडणाऱ्या म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या तरुण जवानाने लाथा झाडून व जावयाच्या नावाने शिव्या देऊन हुबेहूब अभिनय केला, आणि त्याला उत्कृष्ट वेशभूषेचे बक्षीस जाहीर झाले.