चिंचेतली अरुंधती

एका गावात एक चिंच होती, आणि गावातल्या साऱ्या सुना तिलाच अरुंधती समजून, नमस्कार करून संसाराला लागल्या होत्या.

त्याचं असं झालं. सप्तपदी आटोपली की नवऱ्याने नवरीला उत्तरेकडे सप्तर्षी दाखवायचे आणि त्यातल्या वसिष्ठाला खेटून असलेली अंधुकशी अरुंधती. "दिसली का?" "दिसली." मग पंगत बसायची. गावातली सगळी लग्नं पाटलांच्या अंगणात लागत, आणि फार पूर्वी तिथून ती जोडी खरोखर दिसायची. पुढे अंगणाच्या उत्तरेला चिंच उगवली, वाढली, आभाळ झाकून बसली. मांडवाची जागा मात्र कोणी बदलली नाही. चिंचेकडे बोट, "दिसली", की जेवण.

यंदा पाटलांच्याच मुलाचं लग्न होतं. नवरी परगावची. मुलाने रिवाजाप्रमाणे बोट केलं. "दिसली का?"

नवरीने मान उंचावून नीट पाहिलं. "नाही. मला चिंच दिसते."

आचाऱ्याच्या हातातला झारा तसाच राहिला. भटजी हळूच म्हणाले, "मुली, दिसली म्हणायचं असतं."

"पण दिसली नाही तर?"

"तरी म्हणायचं. जिलबी गार होते आहे."

पाटलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या घरात आजवर प्रत्येकीला दिसली आहे. ही दिसली म्हणत नाही तोवर हे लग्न मी मानणार नाही."

नवरीच्या वडिलांचा चेहरा उतरला. "पोरी, म्हणून टाक एकदा."

नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, पहिल्याच दिवशी खोटं बोलले तर पुढे रोज बोलावं लागेल."

आता सगळे नवरदेवाकडे पाहू लागले. तो वडिलांना फार भ्यायचा. त्यांच्यासमोर तो कधी शिंकलासुद्धा नव्हता. तरी तो म्हणाला,

"आबा, मलाही चिंचच दिसते. वर एक घुबड बसलंय, तेही दिसतं."

एवढं ऐकून नवरी उठली आणि चिंचेच्या पलीकडे चालू लागली. शेल्याची गाठ बांधलेली, त्यामुळे नवरदेवालाही जावं लागलं. मागोमाग भुकेली वऱ्हाडी मंडळी निघाली, कारण अशी गंमत चुकवायची कोणाची तयारी नव्हती.

पलीकडे आभाळ मोकळं होतं. वसिष्ठ ठळक, आणि त्याला लागूनच ती लहानशी, अंधुक.

"दिसली," नवरी म्हणाली.

पाटलीणबाई पदर सावरत पुढे आल्या. "अगं बाई, ही होय? मी मेली इतकी वर्षं चिंचेलाच हात जोडत आले." बायका हसू लागल्या. भटजींनीही कबूल केलं की आपण तिच्याविषयी आजवर फक्त पोथीत वाचलं होतं.

पाटील डोळे बारीक करून पाहत होते. शेवटी म्हणाले, "मला तर एकच दिसतो."

"दिसायचाच," पाटलीणबाई म्हणाल्या. "शेजारी उभी असलेली तुम्हाला कधी दिसली आहे?"

सगळं वऱ्हाड पोट धरून हसलं. पाटील ओशाळले. सुनेने त्यांना बोटाने नीट दाखवलं, तेव्हा कुठे दुसरी चांदणी दिसली. मग पंगत बसली आणि पाटलांनी स्वतःच्या हाताने आपल्या शेजारी बायकोचा पाट मांडला. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. जिलबी पार गार झाली होती, पण पाटलीणबाईंनी ती पुन्हा मागून घेतली.

तात्पर्य: दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणावं. तसं म्हटलं तरच माणूस जागचा हलतो, आणि मग त्याला शेजारचंही दिसू लागतं.