बांधावरची गांडुळं

जमिनीला वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. औषधांच्या फवाऱ्यांनी एका वावरातली गांडुळं मरून गेली आणि माती दगडासारखी झाली. मातीचा अभ्यास करणारे येणार, असं कानावर आल्यापासून वावर त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून होतं. आपलं दुखणं आता मालकाला कळेल, असं त्याला वाटे.

अभ्यासक आले. वावरात कुदळ शिरेना, ऊनही तापलेलं, म्हणून त्यांनी बांधावर कडुलिंबाच्या सावलीत खणलं. तिथे ओंजळभर गांडुळं निघाली.

"माती जिवंत आहे. चाललंय तसंच चालू द्या," असं मालकाला सांगून ते गेले. मालकानं लगेच फवारणीचा पंप पाठीला लावला.

बांध ओशाळून म्हणाला, "मी काही खोटं बोललो नाही रे."

"नाही दादा," वावर म्हणालं. "नाडी तुझी पाहिली, औषध मला दिलं."