परातीचा धनी

सशांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकायला वेळ होता, त्या काळातली ही गोष्ट. द्वारकाआक्कांच्या परसात ढोल्या आणि रुपी असे दोन ससे होते. दोघांत मिळून एक परात. आक्कांनी तिच्यात हिरवा घास टाकला, की ढोल्या चारी पाय रोवून आत बसायचा आणि रुपी जवळ आली की गुरगुरायचा. रुपीची हाडं दिसायला लागली.

"अरे, दोन काड्या तरी दे," एक दिवस ती म्हणाली.

"परात माझी आहे!" म्हणत ढोल्याने तिचा कान फाडला.

शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "आक्का, दोन द्या मेल्याला ठेवून!"

"मारलं तर चवताळेल आणि राग पुन्हा तिच्यावरच काढेल. दोन भुकेल्या तोंडांपुढे एक परात ठेवणारी शहाणी मीच ना?"

दुसऱ्या दिवशी आक्कांनी परात रिकामी ठेवली आणि घास परसभर विखरून टाकला; पेरूच्या बुंध्याशी, धुण्याच्या दगडामागे, कुंपणाच्या कडेने. रुपी हुंगत हुंगत पोटभर जेवली. ढोल्या मात्र परातीतून हलेना.

"ये की खायला! इथं ढीग पडलाय," रुपी म्हणाली.

"मी उतरलो की परात बळकावशील, होय ना? तोंड लावून तर बघ!"

पोट खपाटीला गेलं, तरी त्या शूराने संध्याकाळपर्यंत रिकामी परात राखली. तिच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. सगळे आपल्याला घाबरले, असं समजून तो मिशा फेंदारत बसला.