एक बीळ राहायला, एक भाड्याला

आटपाट जंगल होतं. तिथे बिबट्या राज्य करी. तो रीतसर निवडून आला होता. विरोधी उमेदवार सांबर मतदानाच्या आदल्या दिवशी बेपत्ता झालं, त्याची शिंगं तेवढी सापडली.

त्या जंगलात भिवाजी नावाचं साळिंदर राहत होतं. बायको सारजा. दोघांनी तरुणपणी टेकडीच्या उतारावर एक ऐसपैस बीळ खणलं होतं. आता भिवाजीचे काटे गळू लागले होते. उद्या कंद उकरायला पंजे चालले नाहीत तर खायचं काय, या विचाराने त्याला झोप लागत नसे.

अशात महाराजांनी दवंडी पिटवली, "एक बीळ राहायला, एक भाड्याला! प्रत्येक जनावर मालक!"

जंगलात मोहाची फुलं हेच चलन. ती पतपेढीत असत आणि पतपेढी कोल्ह्याची. कोल्हेसाहेबांनी भिवाजीला प्रेमाने बसवून समजावलं, की राहतं बीळ तारण ठेवायचं, कर्जातून दुसरं घ्यायचं, भाडेकरू भाडं देईल, त्यातून हप्ता जाईल, शिवाय व्याजावर करात सूट. थोडक्यात, कर्ज स्वतःच स्वतःला फेडतं.

सारजाने एवढंच विचारलं, "साहेब, सगळेच मालक झाले तर भाड्याने राहायचं कोणी?"

"बाई," कोल्हा म्हणाला, "अशा शंकांमुळेच आपलं जंगल मागे राहिलं."

भिवाजीने कर्जाच्या कागदावर पंजा उठवला.

नव्या बिळात एक घोरपड राहायला आली. बिचारी वेळेवर भाडं देई, दारातली मुंग्यांची रांगही साफ करी. भिवाजीला शांत झोप लागू लागली. मग कोल्हेसाहेब घोरपडीलाही भेटले. ती स्वतःच्या बिळात राहायला गेली आणि जाताना भिवाजीलाच विचारून गेली, की ओळखीत कोणी भाडेकरू आहे का.

बीळ रिकामं पडलं. शेजारची बिळंही रिकामीच होती. हप्ता मात्र येत राहिला. वर राजाज्ञा निघाली, की रिकाम्या बिळात भाडेकरू असता तर त्याने जे भाडं दिलं असतं, त्यावर कर भरावा.

भिवाजी दरबारात गेला. भाडेकरू नाही तर कर कशाचा, असं त्याने हात जोडून विचारलं. महाराजांनी पंजा चाटत त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आशेचा."

त्याच सुमारास तरस शेटजींनी पलीकडचा अख्खा डोंगर घ्यायला काढलेलं कर्ज बुडवलं. पण शेटजींचं कर्ज बुडत नसतं. ते माफ झालं. पतपेढीला खोट आली म्हणून बाकीच्यांचं व्याज वाढलं. कोल्हेसाहेबांनी सभेत सांगितलं, की हा त्याग जंगल विसरणार नाही.

भिवाजीचे हप्ते थकले. दोन्ही बिळांचा लिलाव पुकारला गेला. बोली एकट्या तरसाने लावली. त्यासाठी त्याला पतपेढीने नवं कर्ज दिलं.

सारजा त्या दिवशी बिळाबाहेर आली नाही. भिवाजी आत गेला तेव्हा ती भिंतीवरच्या आपल्याच नखांच्या जुन्या ओरखड्यांवर पंजा ठेवून बसली होती.

"माझंच चुकलं," भिवाजी म्हणाला.

"चुकलं तर खरंच," ती म्हणाली. "पण हे सोडून मी कुठे जायची नाही. भाडं ठरवून या."

तसं दोघं आपल्याच बिळात भाडेकरू झाले. हळूहळू सगळा उतारच भाडेकरू झाला. तेव्हा महाराजांनी कातळावर चढून जाहीर केलं, की जंगलात आज एकही बीळ रिकामं नाही आणि असं सुवर्णयुग पूर्वजांनीही पाहिलं नव्हतं. पाठोपाठ नवी योजनाही आली: भाडं भरण्यासाठी कर्ज.

पतपेढीच्या वडाखाली रांग लागली. त्या रांगेत भिवाजी आणि सारजाही होते. त्यांचा नंबर आला तेव्हा भिवाजी ओशाळून म्हणाला, की तारण ठेवायला आता काही उरलेलं नाही.

"आहे की," कोल्हेसाहेब हसून म्हणाले. "तुमचं मत आहे."

सारजाने विचारलं, "ते परत कधी मिळतं?"

"पाच वर्षांनी," कोल्हेसाहेब म्हणाले. "पुन्हा तारण ठेवायला."