चिंचेचं खोड आणि तेलिणीचा घाणा

फार पूर्वी खाडीकाठच्या एका यहुदी गावात एक तेलीण राहत होती. गावात घरोघर तेलाचे घाणे. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत बैल सोडायचे आणि शनिवारभर कामाला हात लावायचा नाही, कारण सृष्टी घडवून देवानंही सातव्या दिवशी विसावा घेतला होता.

तेलिणीचा नवरा वारला आणि त्याच वर्षी तिचा घाणा फुटला. लाकडाच्या वखारीच्या मालकानं तिला चिंचेचं एक पडलेलं खोड दिलं. चार लोकांत दिलं बरं का, टाळ्या घेऊन! त्या खोडातून बाईनं उखळ कोरली, तीळ रगडायला त्यात जाड दांडा, म्हणजे लाट, बसवली, बैल जुंपला. हाताची सालटी निघाली, पण घाण्याला तेल सुटलं. दोन पोरींच्या पोटात अन्न जाऊ लागलं.

झालं, वखारवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. "लाकूड माझं, तेव्हा घाणा माझा," म्हणाला. काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

वाद मुकादमापुढं, म्हणजे गावाचे तंटे सोडवणाऱ्या पुढाऱ्यापुढं गेला. वखारवाला इब्री भाषेतली धर्मपोथीच घेऊन आला. "पहिलीच ओळ बघा. देवानं आकाश आणि पृथ्वी केली. ज्याचा माल, तोच कर्ता."

तेलीण भडकली. "पहिल्या ओळीवरच पोथी मिटलीत होय? पुढं वाचा की! पृथ्वी होती, पण ओसाड. पाणी होतं, अंधार होता. तेवढ्यावर देव थांबला का? सहा दिवस त्यानं एकेकाला कामाला लावलं. उजेडाचा दिवस केला. जमिनीला पिकायला सांगितलं. सूर्यचंद्रांना सणवार दाखवायला बसवलं. सूर्य कशाचा केला, आहे का कुठं एक शब्द? कामाला लावलं, तेच घडवणं!"

मुकादम वखारवाल्याला म्हणाला, "घाणा घेऊन जा. शुक्रवारी प्रार्थनाघरातल्या दिव्याला याच घाण्याचं तेल तूच काढून दे. जमलं तर घाणा तुझा."

पोरी रडत राहिल्या आणि यानं घाणा उपटून नेला.

शुक्रवारी सकाळपासून बैल फिरत होता. लाट नुसती डुगडुगत होती. तिळाचा भरडा झाला, तेलाचा थेंब नाही. सूर्य माडांपर्यंत उतरला, तसा वखारवाला तेलिणीच्या दारात आला.

"बाई, तेवढी लाट बसवून दे."

"बसवते. पण घाणा कोणाचा?"

"तुझा," तो पुटपुटला.

"इथं नाही. खोड चार लोकांत दिलंत ना? मग हेही चार लोकांतच बोला."

बोलावं लागलं त्याला, सगळ्या गावासमोर, मान खाली घालून. मग तेलिणीनं वखारीत जाऊन लाट नीट कलती बसवली, तिळावर गरम पाण्याचा हबका मारला आणि बैल हाकला. उखळीतून तेलाची धार लागली. सूर्य बुडायच्या आत प्रार्थनाघरात दिवा लागला.

तेलिणीनं बैल सोडला आणि मागोमाग आलेल्या पोरींना जवळ घेऊन ती घाण्यापाशी बसली. सहा दिवसांचं काम संपलं होतं.

तात्पर्य: लाकूड दिल्यानं घाणा घडत नाही, तो कामाला लागला की घडतो, आणि ज्यानं तो कामाला लावला, त्याच्या कष्टावर हक्क सांगायला जिभेला लाज वाटली पाहिजे.