तणाचं चौथं पान

एका राज्यात राजाचा प्राण दिव्यात होता. हसू नका. कुठे तो पोपटात असतो, इथे दिव्यात होता. दिवा देवघरात तेवायचा, आणि त्याला तेल चालायचं ते फक्त राजशेतातल्या तिळाचं. परमुलखाचं तेल घातलं की ज्योत काळी पडे आणि राजा धीरसेन छाती धरून खाली बसे.

हे सारं त्याच्या आजोबाचं देणं. त्याने डोंगरातले पिवळे दगड सोनं समजून खणून आणले आणि तळघरात कोंडले. तेव्हा डोंगरावरचा काजळनाथ मांत्रिक म्हणाला, "मातीचा घास पळवलास. आता तुझ्या वंशाचा प्राण तिच्याच तेलावर राहील, आणि तेल ती देणार नाही." एवढं बोलून त्याने धुराचं रूप घेतलं आणि तो शेतात शिरला.

तेव्हापासून तण कमरेएवढं आणि तीळ वीतभर. बोंडं फोडावीत तर दाणे पोचट. त्या शेताला ना विहीर ना पाट. आभाळ देईल तेवढंच पाणी, त्यातलंही निम्मं तण पिऊन टाकी. त्या वर्षी रांजणात दसऱ्यापर्यंतचंच तेल उरलं. राजकन्या मालिनी रोज सकाळी रांजणात डोकावे, आणि काठी बुडवून तेल मोजी. तिला आई नव्हती. होता तो एवढा एक बाप.

ज्येष्ठात ती स्वतः नांगरामागे चालली. फाळापुढे टिटवीची चार अंडी आली. मालिनीने बैल वळवले, अंड्यांभोवती जागा सोडली.

टिटवी म्हणाली, "लोक मला अपशकुनी म्हणतात. तू नांगर वळवलास, म्हणून सांगते. शाप फिटायला कामं तीन. तळघरातला खजिना मातीला दे. तणाला चौथं पान फुटायच्या आत ते काप. आणि तुझाच तीळ तुझ्या हाताने उपट."

"तीळ उपटला तर तेल कुठून येईल?"

"उपटला नाहीस तर कुठून येईल?" टिटवी म्हणाली, आणि अंड्यांवर जाऊन बसली.

मालिनी तळघरात उतरली. खजिन्यावर नाग होता, आणि तो बोलत असे. त्याने विचारलं, "कोणासाठी नेतेस?" आजवर जे 'माझ्यासाठी' म्हणाले त्यांची राख कोपऱ्यात पडली होती. मालिनी म्हणाली, "ज्याचं आहे त्याच्यासाठी." नाग बाजूला सरकला. दगड म्हणजे सोनं नव्हतंच, गंधक होतं. साऱ्या तळघरात त्याचा उग्र वास भरला होता. तिने ते कुटून बारीक केलं, मुरलेल्या शेणखतात मिसळून शेतभर पसरलं. दरबारी आपसांत म्हणाले, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं."

आषाढाच्या आरंभी पेरणी झाली. तीळ उगवला, आणि तिळापेक्षा दाट तण उगवलं.

आता त्या राज्याची रीत ऐका, आणि कपाळाला हात लावा. दोन ओळींमधलं तण कापायला बैलांचं कोळपं चालवतात ना, ते पहिलं कोळपं राजाच्या हातानेच चालायचं, ढोलताशे लावून, श्रावणी पौर्णिमेला. त्याआधी कोळपं हलवील त्याला हद्दपारी. पौर्णिमा पेरणीपासून दीड महिन्यावर! तण काय पंचांग बघून वाढतं? पण रीत म्हणजे रीत.

विसाव्या दिवशी मालिनीला तणाची तीन पानं दिसली. चौथ्याचा कोंब वर येत होता. ती धावत राजाकडे गेली.

"बाबा, आज कोळपू द्या."

राजा अंथरुणावर होता. म्हणाला, "पूर्वजांची रीत मोडलीस, तर तू माझी लेक नव्हेस."

मालिनीने त्याचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, "लेक नसले तरी चालेल. तुम्ही असलात म्हणजे झालं." आणि तिने बैल जुंपले.

कोळपं जमिनीला लागताच तणातून काजळनाथाचा आवाज आला. "थांब, मुली. मुहूर्त पौर्णिमेचा आहे. तिळासारखा मीही हिरवाच आहे ना?" मालिनी थांबली नाही. ओळीमागून ओळ तण आडवं झालं, आणि काजळनाथासकट उन्हाने धूर होऊन विरून गेलं.

राहिलं तिसरं काम. तीळ इतका दाट होता की एकाच्या पानाखाली दुसरा गुदमरत होता. मालिनी ओळीत बसली. एक रोप ठेवलं, शेजारची दोन उपटली. तोच वाड्यातून दासी ओरडत आली, "महाराज कण्हताहेत, दिवा फडफडतो आहे!" मालिनीचा जीव तीळ तीळ तुटला. हात थांबवावा तर काम अर्धं, चालवावा तर बाप जातो की काय. टिटवी बांधावरून नुसती बघत होती. मालिनी रडत रडत उपटत राहिली. प्रत्येक रोपागणिक ती म्हणे, "बाबा, एवढं सोसा." संध्याकाळी ओळी विरळ झाल्या, उरलेल्या रोपांच्या मुळांना माती मोकळी झाली, आणि वाड्यातलं कण्हणं थांबलं. ते का थांबलं हे बघायला जायचं धैर्य तिला बराच वेळ झालं नाही.

राजा जिवंत होता. हद्दपारीचा हुकूम त्याने काढला नाही, पण तो तिच्याशी बोललाही नाही. भादवा सरला तरी बोलला नाही.

आश्विनात बोंडं टच्च भरली. घाण्यातून पहिलं तेल निघालं तेव्हा रांजणाचा तळ दिसत होता. मालिनीने ते दिव्यात ओतलं. ज्योत पिवळीधमक झाली, तळघरातला नाग कात टाकून डोंगराकडे निघून गेला, आणि दिवा आपोआप विझला.

दरबारी राजाच्या अंथरुणाकडे धावले. राजा मात्र उठून बसला होता. प्राण आता त्याच्या छातीत होता.

त्याने लेकीला जवळ बोलावलं. तिच्या हाताचे घट्टे चाचपले. मग विचारलं, "पहिल्या कोळप्याचा मुहूर्त कोणी काढला?"

"तणाच्या चौथ्या पानाने, बाबा."

राजाने अंथरुणाखाली पाय टेकवले. मग म्हणाला, "यापुढे त्यालाच विचारत जा. आणि मलाही बरोबर नेत जा."

त्या राज्यात ढोलताशे अजून वाजतात, पण मळणीनंतर. आणि नांगर धरणारा आधी टिटवीची अंडी बघतो. मालिनीचा त्या शेताला हात लागला, तसा तुमच्याही शेताला लागो.