रिबकाच्या मातीची सभा

“माझ्या रिबकासाठी एक चांगला शब्दही नव्हता का तुमच्याजवळ?”

दौलत उजगरेने दारातूनच विचारलं. चपलाही काढल्या नाहीत.

शिमोनबाबा सभाघराचे बाक ओल्या फडक्याने पुसत होते. क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या या सभेत पाद्री नसतो, वेदी नसते, गाणं नसतं. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून शब्द येईल तो बोलतो. कुणालाच आला नाही तर तास तसाच जातो. शिमोनबाबा वयाने मोठे, म्हणून लोक त्यांना विचारत, एवढंच.

दौलत अकरा वर्षं इथे येत होता. बायकोला माती दिली त्या दिवसापासून चार वर्षं फिरकला नव्हता.

त्याने सगळं ऐकवलं. रिबकाची शवपेटी सभाघरात मधोमध होती. चाळीस माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरची बाळंतपणं रिबकाने केली होती. तासभर कुणी ब्र काढला नाही. आता तो गावातल्या चर्चला जातो. तिथला पाद्री उंदीर मेला तरी पाऊण तास बोलेल, हेही सांगून झालं.

बाबा हसले नाहीत.

“तिच्यात काही खोट असणार, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. काय ते सांगा. मी ऐकून घेईन.”

बाबांनी फडकं पिळलं.

“त्या दिवशी तू कुठे होतास?”

“इथेच, दाराशी. आम्ही दोघं बसायचो त्या बाकावर मला एकट्याला बसवेना.”

“म्हणजे उभा.”

“उभा. तासभर.”

“आपल्या सभेत माणूस उभा कधी राहतो, दौलत?”

“बोलायचं असलं की...”

उभा राहिलेला माणूस खाली बसेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, त्याच्या शब्दाची वाट बघायची, हे नव्या माणसांना दौलतनेच कितीदा सांगितलं होतं.

चाळीस माणसं. माना खाली घातलेली...

“मला कुणी बस म्हणायचं तरी.”

“बायकोच्या पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला?”

दौलतने चौकट धरली होती.

“तुमच्याजवळ होता का शब्द, बाबा?”

“होता.”

“मग आता सांगा.”

बाबा बाकाच्या एका कडेला सरकून बसले.

“आधी बस.”